अण्णांच्या छातीतलं बारीक पंक्चर

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. आठवीत शाळा सुटली, शब्दही साधेच येतात. पण माझा गाढवपणा सांगायला तेवढे पुरतील.

तीर्थपुरीत माझं पंक्चरचं दुकान आहे. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, फुप्फुसात एक चिवट जंतू मुक्कामाला आलेला. गोळ्यांनी हटेना. शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनी नवीन औषध दिलं. दुधासारखं पांढरं. मशीनमधून त्याचं धुकं होतं, ते तोंडानं ओढायचं.

मी लाजत लाजत विचारलं, "रोज एकदाच?"

"एकदाच. औषध चरबीच्या बारीक बारीक पिशव्यांत भरलंय," डॉक्टर म्हणाले. "त्या फुप्फुसात जाऊन बसतात आणि औषध हळूहळू सोडत राहतात. तुझ्या भाषेत, बारीक पंक्चर."

आता तुम्हीच सांगा, पंक्चरवाल्याला असं सांगतात का? बारीक पंक्चर दिसलं की माझे हात शिवशिवतात. अण्णांचं औषध निसटत राहणार आणि मी बघत बसू?

औषध आणि मशीन घेऊन घरी आलो. खिडकीच्या फटीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या, दाराखाली पोतं लावलं. मशीन सुरू झालं. अण्णांनी धुकं ओढलं आणि सोडलं.

"अण्णा, श्वास सोडू नका. औषध चाललं बाहेर."

"मंग कुठं ठेवू?"

"आतच. जमंल तितकं."

बिचाऱ्यांनी गाल फुगवून दम धरला. डोळे मोठे झाले. मग खोकल्याची अशी उबळ आली की आई पोतं लाथाडून आत आली.

"बापाला मारतो काय रे?"

"न्हाई, गळती थांबवून राह्यलो."

"ते काय ट्रॅक्टरचं टायर हाय?"

घाबरून डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकताना ते मधेमधे खाकरत होते. हसू दाबत असावेत. मग म्हणाले, "अरे, पिशव्या आत राहतात. बाहेर येतो तो श्वास. त्यांना श्वास घेऊ दे, सोडू दे. आणि ते हळूहळू सुटणं, त्याच्यातच तर सगळा गुण आहे. तेवढं एक पंक्चर काढू नको बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढल्या, खिडकी उघडली, मशीन लावलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. धुकं आत जात होतं, बाहेर येत होतं. शेवटचे थेंब उरले तसा पुढं वाकून टक लावून बघत राहिलो.

मशीन थांबलं. अण्णांनी तोंडातली नळी काढली, माझ्याकडं नीट पाहिलं.

"माझं बराबर झालं," ते म्हणाले. "आता तू बी श्वास सोड. तोंड निळं पडून राह्यलं तुझं."