तारवाल्यानं येतो म्हणू नये

"थांब! काय म्हणालास? परत म्हण एकदा!"

भुसार पेठेतले आडत मालक ओट्यावरून ओरडत होते. आवाज असा, की त्यांनी हितं हाळी द्यावी आणि मोहोळच्या स्टेशनात गार्डानं घाबरून गाडी सोडावी. त्यांच्या हातात मी नुकतीच दिलेली तार होती. तारेत नातू होता. सून बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेलेली, मुलगा झाला, दोघं सुखरूप. इंग्रजी तार मीच वाचून दाखवली. आतून मालकांच्या म्हाताऱ्या आईनं साखर वाटायला सांगितली. ती माझ्यापर्यंत आली नाही, ते सोडा. मी पायरीवरून सायकलकडं वळता वळता म्हणालो, "येतो मालक."

एवढंच.

"येतो म्हणालो, मालक."

"कुणाच्या दारात येतो? मढ्याचा सांगावा आणणारी जात तुमची. तुमच्या बापजाद्यांनी कधी येतो म्हटलं का रे? सांगायचं, पाठ फिरवायची, चालायला लागायचं. म्हणं येतो!"

हमालांनी पोती खाली टेकवली. दोनशे माणसं जमली. बरं, वीस असतील. अपमानाच्या वेळी माणसं दहापट दिसतात. मालकीणबाई बाहेर आल्या आणि मी उभा होतो त्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं. माझ्या चपलेवरून, बोटांवरून. मी पाय मागं घेतला नाही. हिंमत म्हणून नव्हे. सुचलंच नाही.

वस्तीत मला थापाड्या म्हणतात. खरंच आहे ते. पण ही थाप नाही.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी पेठेतल्या छोट्या तारघरात हंगामी तारवाला होतो. तारवाला म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला विचारा. माझा खाकी शर्ट गल्लीच्या तोंडाशी दिसला की बायका तोंडात पदर कोंबायच्या. कुत्री भुंकायची सोडून रडायला लागायची. साखर पेठेतल्या एका तेलुगू म्हातारीनं तार हातात घ्यायच्या आधीच तीन जावयांच्या नावानं एकदम रडून घेतलं. तारेत होतं, पापड पाठवा.

मयताची तार असली की मी मुकाट निघायचो. ती रीत मलाही कळते. मयताच्या घरातून कुणीच येतो म्हणून निघत नाही. पण मुलगा झाल्याची, लग्न ठरल्याची, नोकरी लागल्याची तार असली, की मी येतो म्हणायचो. मुद्दाम. मोठ्यानं.

त्याला कारण माझा आजा. गावात कुणी मेलं की पाव्हण्यांना सांगायला त्याला धाडायचे. अक्कलकोट, मैंदर्गी, उन्हातान्हात, पायी. दारापासून लांब उभं राहायचं, कोण गेलं ते सांगायचं, लांबून टाकलेली भाकरी उचलायची, मागं न बघता निघायचं. आल्यावर जोहार घालायचा, जाताना काहीच नाही. आयुष्यभर हेच करून त्याचं तोंड असं बसलं, की तो आमच्या झोपडीतूनसुद्धा मुकाट निघायचा. आजी मागून ओरडायची, "आवं, येतो म्हणा की!" तो नुसती मान हलवायचा. एक दिवस तसाच निघाला आणि मैंदर्गीच्या वाटेवर उन्हानं पडला. घरात त्याचा शेवटचा शब्द म्हणून कुणाला काही आठवत नाही.

पुढं बाप गिरणीत लागला, तो फाटकावर राम राम म्हणायला शिकला. आमच्या वस्तीत जय भीम सुरू झालं. जमाना बदलत होता. आडत मालकांचा धाकटा मुलगा तर कॉलेजातून बाय बाय शिकून आला होता. पायात बूट, तोंडात बाय बाय. आजीला बाय बाय, देवाला बाय बाय. म्हातारीला त्याचा अर्थही कळत नव्हता, पण ती कौतुकानं हसायची. त्याच्या मागं कुणी पाणी ओतलं नाही.

माझ्या पायावर पाणी ओतलं, त्याच्या चौथ्या दिवशी त्याच घराची तार आली. नातेपुत्याचे मालकांचे मेहुणे गेले. दुसऱ्या तारवाल्याला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, तुझा भाग, तूच जा. गेलो. तार दिली. मालकांनी वाचायला लावली, मी वाचली. आत रडणं सुरू झालं. मी एक अक्षर न बोलता मागं सरकलो.

मालक या खेपेला ओरडले नाहीत. हळू म्हणाले, "आलास. म्हणाला होतास, तसा आलास."

आता काय सांगणार? आजवर मी इतक्या थापा मारल्या, वाघ पळवले, भुतं बसवली. पण माझ्या एका शब्दानं नातेपुत्याचा माणूस मेला नाही, हे मला कुणापुढं मांडता येईना. आणि खोटं का बोलू, त्या रात्री मलाही वाटलं, माझ्या शब्दानंच मेला असला तर?

आठवड्यात मालकांची तक्रार आली. तारघराच्या मास्तरांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कागद त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. मी अशुभ बोललो, त्यामुळे सदर कुटुंबास त्रास झाला, त्याची माफी मागतो. यापुढे कोणत्याही दारात निरोप घेण्याचा शब्द उच्चारणार नाही.

"सही कर," मास्तर म्हणाले. "पुढच्या महिन्यात कायम होशील. एक शब्द नाही बोललास तर तुझं काय जातंय?"

कायम. माझी आई विड्या वळायची. पोरगा सरकारात कायम होणार, हे तिनं कारखान्यातल्या समद्या बायकांना सांगून ठेवलं होतं. पेन घेतलं. टोपण काढलं. आणि त्या कागदाकडं बघता बघता मला आजाचं तोंड दिसलं. मिटलेलं. त्याचं तोंड गावानं बिनकागदाचं मिटवलं होतं. माझं मिटवायला माझीच सही पाहिजे होती.

मी पेन ठेवलं.

"साहेब, मयताच्या घरात मी गप्प राहतो, ते माझ्या मनानं. हे लिहून देणार नाही. कुणाच्या दारात काय म्हणायचं ते मी ठरवणार. काढायचं तर काढा."

"वेडा आहेस का? अरे, एका शब्दासाठी?"

"एका शब्दासाठी त्यांनी तक्रार केली, साहेब."

शर्ट, बिल्ला, तारांची पिशवी, सगळं मी टेबलावर ठेवलं. बनियनवर रस्त्यानं घरी आलो. बघणारे बघत होते.

घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी तिच्यापुढं बसलो आणि नेहमीसारखा सुटलो. मास्तरांची खुर्ची कशी हादरली, क्लार्कच्या हातून शिक्का कसा पडला, सारं तारघर कसं उभं राहिलं.

तिनं मान वर केली नाही.

"केलीस का न्हाईस सही, तेवढं सांग."

"न्हाय केली."

"मग कातर घे. पानं काप."