दिवसाला एकच मळा

औरंगपुऱ्यातला एक अरुंद जिना चढून गेलं की दमयंती सेलूकरांचं प्रवासाचं ऑफिस लागतं. काशी, चारधाम, गिरनार. माणसं नेणं-आणणं हाच बाईंचा धंदा. त्यांचा एक नियम गिऱ्हाइकांना पाठ आहे. जिथलं अन्न स्वतः चाखलं नाही, तिथं त्या कुणाला पाठवत नाहीत. हरिद्वारच्या धर्मशाळेतली खिचडी पसंत पडली नाही म्हणून त्यांनी अख्खा मुक्काम हलवला होता, हे लोक अजून कौतुकानं सांगतात.

अशा बाईंकडे वाळूजचे कारखानदार अभयराव गायके आले. आम्ही काही मित्र जोडीनं पोर्तुगाल आणि स्पेनला वाइनच्या सहलीला निघालोय, थाटात जायचंय, आखणी तुम्हीच करा, म्हणाले. आईला केदारनाथ ताईंनी घडवलं, मग हेही त्याच घडवतील, असा त्यांचा साधा विचार. दमयंतीबाईंनी जन्मात दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. पण नाही म्हणायच्या आत त्यांचं कुतूहल जागं झालं आणि मग ते काही केल्या झोपेना.

त्या वाचत सुटल्या. एकच नदी स्पेनमध्ये उगम पावते, पोर्तुगालात उतरते आणि दोन्हीकडचे द्राक्षमळे पोसते, हे कळल्यावर तर त्यांना आपली गोदावरीच आठवली. पाणी एकच, मग दोन देशांत चव का बदलते? हे त्यांनी जेवताना नवऱ्याला विचारलं. वैजनाथराव बँकेतून निवृत्त झालेले, संध्या न चुकवणारे. हा विषय ताटावर नको, एवढंच ते म्हणाले.

आखणी झाली आणि तिथंच घोटाळा झाला. हाताला यात्रेची सवय. पहाटे अंघोळी, उजाडायच्या आत बस आणि एका दिवसात पाच मळे, अष्टविनायक उरकावेत तसे. अभयरावांनी कागद वाचून कपाळाला हात लावला.

"ताई, सकाळी सातला कोण पितं? हे तं दर्शनाच्या रांगा झाल्या."

पुण्याच्या एका कंपनीचीही आखणी आली होती आणि मित्र तिकडं झुकले होते. रविवारी बसून काय ते ठरवायचं होतं.

बाईंना ते झोंबलं. एवढी मोठी सहल त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती, ती हातची जाणार याचं वाईट वाटलंच. पण त्याहून खुपलं ते हे, की आपण न चाखता आखलं. आता बाटली आणायची कुणी? अर्ध्या गावाला काशी घडवलेली बाई दारूच्या दुकानात उभी राहणार कशी? शेवटी वैजनाथरावच गेले. हेल्मेट न काढता गेले आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली बाटली घालून आले. मी बुचालाही शिवणार नाही, असं बजावून ते देवघरात जाऊन बसले.

बूच अर्धं तुटलं, अर्धं आत पडलं. बाईंनी वाइन चहाच्या गाळणीनं गाळून सरबताच्या ग्लासात घेतली. पहिला घोट नुसता तुरट. दुसऱ्यात काहीच कळलं नाही. मग त्या ग्लास घेऊन खिडकीशी जरा वेळ बसल्या, आणि तिसऱ्या घोटाला जिभेवर हळूच जांभळाची साल आली. मघाशी ही कुठं दडली होती? त्यांना एकटीलाच हसू आलं. घाई केली असती तर हे गावलंच नसतं. उठून त्यांनी देवघराच्या दारातूनच नवऱ्याला जांभळाचं सांगितलं आणि जुनी आखणी फाडली.

रविवारी अभयरावांच्या दिवाणखान्यात त्यांनी नवा कागद ठेवला. दिवसाला एकच मळा, जेवण तिथंच झाडाखाली, संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसायचं. शेजारी पुण्याच्या कंपनीचं गुळगुळीत चित्रांचं पुस्तक पडलं होतं. मग चव कशी वाटली, असं अभयरावांनी हसत विचारलं. भारी भारी शब्द बाईंनी वाचून ठेवले होते, पण त्यातला एकही जिभेवर येईना.

"मला आवडली नाही," त्या म्हणाल्या. "पण थांबले, तेव्हा जांभूळ लागलं. म्हणून दिवसाला एकच."

एका मित्रानं पुण्याचं पुस्तक पुन्हा चाळायला घेतलं. फोन करतो, असं म्हणून अभयराव दारापर्यंत सोडायला आले. खरं बोलून आपण हातचं घालवलं, असं रिक्षात बाईंना सारखं वाटत राहिलं.

घरी आल्या तर खिडकीशी वैजनाथराव, हातात तोच सरबताचा ग्लास. त्यांची चोरी पकडली गेली होती, पण कबूल करतील तर शपथ.

"कुठंय तुझं जांभूळ? मला तर भिजवलेल्या मनुका लागतायत," ते कुरकुरले.

बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, ठरलं आमचं," अभयराव म्हणाले. "इतकी वर्षं पितोय, पण थांबून चव कुणी पाह्यलीच नाय. तुमच्याच आखणीनं जाऊ. फक्त तुम्ही संगं पायजे."

बाईंनी फोन ठेवून नवऱ्याला सगळं सांगितलं. वैजनाथरावांनी उरलेला घोट सावकाश संपवला, चष्मा लावला आणि खुंटीवरचं पंचांग काढलं.

"आपण तिकडं असू तेव्हा एकादशी कधी येते," ते म्हणाले, "तेवढं बघून ठेवतो."