माझा पाय रेषेच्या मागेच होता

मधला स्टम्प उखडून विकेटकीपरच्या पायाशी पडला होता. क्लबचे अध्यक्ष मात्र बॅट टेकवून जागेवर उभे. माझ्याकडे बघत. अंपायरही माझ्याकडेच बघत होता.

मी हात वर केला. "नोबॉल, सर. पाय पुढे गेला माझा."

अंपायरने लगबगीने हात आडवा केला. स्टम्प पुन्हा रोवला गेला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुम्हाला बॉल टाकायला बोलावलंय, विकेट काढायला नाही."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

पाय रेषेच्या मागे होता. चांगला वीतभर.

वाशीमहून पुण्यात आलो तो फास्ट बॉलर व्हायला. झालो भाड्याचा बॉलर. आठवडाभर मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर काम, आणि रविवारी ज्या टीमला माणूस कमी पडेल तिची जर्सी. पाठीवर नाव दुसऱ्याचंच.

बहुतेक रविवार या क्लबाकडेच जायचे. सभासद आणि पाहुणे आपसातच दोन टीम पाडून खेळायचे, आणि तिथे एक रीत होती. मोठा माणूस बोल्ड झाला, की बॉलरनेच नोबॉल कबूल करायचा. पायचीत असेल तर अंपायर मान हलवून मोकळा होतो. स्टम्प जमिनीवर लोळत असताना त्या बिचाऱ्याला तरी काय सुचणार? दोष द्यायला उरतो आमचा पाय.

चिटणीस म्हणायचे, "लीगच्या टीमसाठी तुमचं नाव डोक्यात आहे आमच्या." लीग म्हणजे खरी मॅच. स्कोअरबोर्डवर स्वतःचं नाव. त्यासाठी मी हात वर करत राहिलो. बिल्डरांसाठी केला, नगरसेवकांसाठी केला. एकदा अध्यक्षांच्या व्याह्यांसाठीही केला. ते तर बॉल पडण्याआधीच डोळे मिटत.

यंदा टीम निवडली. मी नव्हतो. चिटणीसांना गाठलं.

"स्पीड आहे हो तुमच्याकडे," ते अगदी आपुलकीने म्हणाले. "पण नोबॉल फार पडतात. तुम्हीच तर दर रविवारी सांगता."

थट्टा नव्हती. त्यांना ते खरंच वाटत होतं. माझ्याविरुद्ध साक्ष मीच देत आलो होतो, तीही हसतमुखाने. मी "बरं सर" म्हणून निघालो. बिबवेवाडीपर्यंत चालत गेलो. बसमध्ये कुणाच्या तोंडाकडे बघायची इच्छा नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा अध्यक्ष. पुन्हा मधला स्टम्प. ते सवयीने उभे राहिले. माझा खांदाही सवयीने हलला. मी हात खिशात घातला.

मिडऑफवरून चिटणीस म्हणाले, "अहो, पाय बघा जरा."

"बघितला. मागे आहे." मग अध्यक्षांकडे वळलो. "सर, तुम्ही आऊट आहात."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी ग्लोव्ह काढायला बराच वेळ लावला. मी तिथेच उभा राहिलो, ते सीमारेषेबाहेर जाईपर्यंत.

त्या क्लबातून पुन्हा बोलावणं आलं नाही. दुसरीकडून येतं. जर्सी अंगात घालण्याआधी मी सांगून टाकतो: माझा पाय पुढे गेला तर अंपायरने सांगावं. मी सांगणार नाही. स्टम्प पडला की जायचं. पटत नसेल, तर जर्सी ठेवा तुमच्याकडेच.