विमानाने मुलगी पाहायला

मुलगी पाहायला मुलगा लागतोच असं नाही, यावर आमच्या घरात सर्वांचं एकमत होतं. त्यामुळे विमानात एकच जागा आहे असं कळल्यावर मामांना पाठवायचं ठरलं.

काटेपूर्णा नदीला पूर आला होता. अमरावतीहून अकोल्याचा रस्ता बंद, रेल्वेही बंद. आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या त्या मुलीला पाहायला पातूरची मंडळी येणार होती, तीही डॉक्टर मुलगा घेऊन. मी साधा कारकून. पण ही मुलगी मी एकदा आमच्या कचेरीत पाहिली होती, फॉर्म परत करणाऱ्या माझ्या साहेबाला खिडकीतून झापताना. तेव्हापासून मला तीच हवी होती, आणि हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

विमान कपाशीवर फवारणी करणारं. ते चालवणारे चाचा आमच्या गल्लीतले, आणि त्या दिवशी ते अकोल्याला निघालेच होते. त्यांनी मामांना कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर उभं केलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली. मग वडील चढले, मग आत्याही. शेवटी नाइलाजाने मला पाठवायचं ठरलं. "तू काही बोलू नको," मामांनी बजावलं, "फक्त पाहून ये."

वरून अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी दिसली. नाले फुगून चारी बाजूंनी पाणी झालं होतं आणि मधे ती पट्टी तेवढी कोरडी. उतरलो खरे, पण तिथून जायचं कुठं? पन्नास पावलांवर, पाण्यापलीकडे, तार मिळालेली मुलीकडची मंडळी छत्र्या आणि पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. ती मधोमध. मागे विमान पाहायला लोटलेलं अर्धं गाव.

तिच्या वडिलांनी पलीकडून जयभीम घातला. "कोनी मोठं मानूस नाई आनलं का?"

"एकच जागा होती!" मी ओरडलो.

"नवकरी पक्की हाये का?"

"हो!"

"जराक चालून दाखवा!" कुणीतरी म्हातारी ओरडली. पाय आखडल्यामुळे उतरताना मी लंगडलो होतो, ते तिने हेरलं असावं. मी मुकाट्याने धावपट्टीवर दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांना राहवेना. "लडका अच्छा है!" ते ओरडले, "ऊपर उल्टी भी नहीं किया!" हे साफ खोटं होतं.

आता रीत अशी की मुलाकडच्यांनी "घरी जाऊन कळवतो" म्हणायचं. मला उद्याचा डॉक्टर दिसत होता. मामांचं बजावणं विसरून मी ओरडलो, "मला मुलगी पसंत आहे!"

 तिचे वडील गोंधळले, छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "बरं... आमी कळवतो."

"कळवता काय, बावा?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की चाचाही दचकले. "ते समोर उभे हायेत. आत्ताच सांगा. मले पसंत हायेत."

मला रडू फुटलं. लपवायला त्या धावपट्टीवर एक झाडसुद्धा नव्हतं.