औषध न देणारे मेडिकलवाले काका

औषधाचं दुकान उघडून बसायचं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला औषध न देता परत पाठवायचं, असा धंदा करणारा माणूस साऱ्या विदर्भात एकच असेल, आणि तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो. नवऱ्याला हिंगण्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून मी मालवणकडच्या खेड्यातून नागपूरला आले. इथलं ऊन, इथलं तिखट, इथली बोली, सगळ्यांनी मला घाबरवलं. पण या मेडिकलवाल्या काकांइतकं कोणीच नाही. आल्या आल्या एकदा डोकं दुखतं म्हणून गोळी मागायला गेले, तर चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पोट साफ झालं का वं आज?" दुकानात माणसं उभी होती. आमच्याकडे असला प्रश्न सख्खी आईसुद्धा दार लोटून विचारते. मी तशीच घरी पळाले, आणि लाजेपायी डोकं दुखायचंच विसरलं.

काकांचं म्हणणं असं, की डोकं नुसतं नावाला मालक आहे, कारभार सगळा पोट बघतं. राग, रडू, झोप, परीक्षेतले मार्क, सगळं खाली ठरतं आणि मग वर कळवलं जातं. एका लग्नात जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन त्यांनी नवरीच्या बापाला गाठलं होतं. "जावयाचा पगार साऱ्यांनीच विचारला. त्याचं पोट कसं हाय, हे विचारलं का कोणी?" माझा नवरा रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरला, की दुकानातूनच आवाज यायचा, "चेहरा काहून उतरला गा? ताक पी."

"काका, रात्रभर उभा होतो मशीनवर."

"उभं पायानं राहतेत. चेहरा पोटानं उतरते."

नवरा तेवढ्या झोपेतही हसायचा. दुकानाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या खाली काकांचं दह्याचं भांडं असतं, आणि तपासणीचे साहेब येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी ते भांडं आमच्या घरी मुक्कामाला येतं.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे पाठीवर लाल रेघ असलेली गोळ्यांची पट्टी. अँटिबायोटिक. सर्दी झालेला माणूस येतो, म्हणतो, दोन गोळ्या कापून द्या. इतर दुकानदार कात्री उचलतात. काका कात्री गल्ल्यात टाकतात. "चिठ्ठी कुठं हाय?" मग प्रवचन. "पोटातले जंतू म्हणजे बर्डीचा बाजार हाय. भाजीवाले, बांगडीवाले, चहावाले, अन् एखादा पाकीटमारही. एका पाकीटमारासाठी साऱ्या बाजारावर लाठी चालवली तर काय होईन? बाजारच उठून जाईन! अन् बाजारातून डोक्याले थेट फोन लागला हाय, ध्यानात ठेव." एकदा एक पोरगा वैतागून समोरच्या दुकानातून गोळ्या घेऊन निघाला, तर काका रस्त्याच्या अलीकडून ओरडले, "घेतल्या तर घेतल्या, आता अर्ध्यात सोडू नको बे!" मग कोर्स संपेपर्यंत तो पोरगा रोज लांबच्या गल्लीनं कामाला जायचा.

सगळे हसायचे. मीही हसायचे, पण बाजाराची गोष्ट निघाली की पोराला कडेवर घट्ट धरायचे. माझा ओम दिवस भरायच्या आधीच जन्मला. रक्तात जंतू झाले म्हणून काचेच्या पेटीत ठेवला, आणि जगात आल्याबरोबर त्याच्या चिमुकल्या हाताला सुई लावून अँटिबायोटिक सुरू केलं. मी काचेबाहेर उभी राहून फक्त एवढंच मागत होते, की ती सुई थांबू नये. ओम घरी आला, बाळसं धरलं, धावायला लागला. पण दोन वर्षं उलटून गेली तरी बोलेना. बोट दाखवायचा, हात ओढायचा, शब्द नाही. त्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. तान्ह्या वयात अँटिबायोटिक मिळालं तर पोटातले चांगले जंतू मरतात, आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो, असं त्यातला माणूस शांतपणे सांगत होता. मी आठवीत शाळा सोडलेली. असल्या गोष्टींतलं कळतं थोडं आणि भीती वाटते फार. नवऱ्याला सांगितलं नाही, गावाला आईला सांगितलं नाही. आणि ज्याला विचारावं तो एकच माणूस, तोच तर लाठ्या मोजत बसलेला!

शेवटी एका दुपारी, दुकानात कोणी नाही असं बघून गेले. "काका, जन्मल्याबरोबर अँटिबायोटिक दिलेल्या पोराचं पुढं काय होतं?"

"कोणाचं पोरगं?"

मी कडेवरच्या ओमकडे बघितलं, आणि मला रडू फुटलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कायले देल्लं होतं?"

"रक्तात जंतू झाले होते. पेटीत होता."

"मंग?"

"मग काय… वाचला."

"हाव ना! वाचला ना!" ते ओरडलेच. "अवं, मी सर्दीवाल्यांसाठी बोंबलून राहिलो, अन् तू मनाले लावून घेतलं? बाजाराले आगच लागली, त्या दिवशी दुकानं मोडतीन म्हणून बंब थांबवते का कोणी? पहिले आग विझवतेत. बाजार मंग भरते हळूहळू."

"पण व्हिडिओत…"

"त्यातलं लई काही उंदरावर पाहिलेलं राहते. माणसाच्या लेकराचं पक्कं अजून कोणाले सांगता येत नाही." मग आवाज खाली गेला. "मलेही नाही वं."

या माणसाच्या तोंडून 'मलेही नाही' ऐकलं आणि का कोण जाणे, मला धीर आला. काकांनी भर धंद्याच्या वेळी शटर ओढलं आणि आम्हाला स्कूटरवर घालून लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तिथं बाहेर बसलेल्या आईबापांना पोटाचे प्रश्न विचारून होईपर्यंत आमचा नंबर लागला.

बाईंनी ओमशी खेळून बघितलं, कान तपासून आणायला सांगितले, परत बोलावलं. कान चांगले होते. "ऐकतो, समजतो, खुणेनं मागतो," त्या म्हणाल्या. "त्या इंजेक्शनांमुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्यामुळे तो आहे, हे मात्र म्हणू शकते. बोलायला उशीर होतोय, त्यावर आपण काम करू. घरात त्याच्याशी बोलतं कोण?" मी विचारात पडले. नवरा पाळीवरून येऊन झोपलेला, त्याची झोप मोडू नये म्हणून घर दिवसभर मुकं. आणि माझ्या बोलण्याला इथं लोक हसतात, म्हणून मीही मोजकंच बोलायचे. बाईंनी ओमला मोबाइल दाखवणं बंद करायला सांगितलं, बोलण्याचे खेळ शिकवले, महिन्याच्या महिन्याला दाखवायला सांगितलं. दाराबाहेर येताच काका म्हणाले, "बोलाचं काम तं आपल्याले दे!"

त्या दिवसापासून संध्याकाळी ओम काउंटरवर बसायला लागला. मी घरी माझ्या मालवणीत बडबडायचे, कोणी हसो. आणि संध्याकाळी काका त्याला सारी प्रवचनं ऐकवायचे, गिऱ्हाइकांशी भांडणं ऐकवायचे. अशा माणसाशेजारी बसून गप्प राहणं कोणाला जमणार? आधी 'हाव' आलं. मग 'नाई'. मग शब्दाला शब्द लागत गेला, आणि मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. आता तान्हं मूल घेऊन कोणी बाई दुकानात आली, की काका प्रवचनाआधी हळूच विचारतात, "लेकरू पेटीत होतं का वं?" हो म्हटलं, तर नुसती औषधाची बाटली देतात आणि गप्प बसतात.

परवा गावाहून आईचा फोन आला. बोलता बोलता ती खोकली. ओमनं माझ्या हातातून फोन ओढला आणि एका दमात विचारलं, "काहून खोकून राहिली वं आजी? औषध घेतलं का?"

आईचा खोकलाच थांबला. मग आई म्हणाली, "ह्यो खयची भाषा बोलता गो?"

मला हसू आलं. माझ्या पोराला वाचा आली होती, फक्त ती माझ्या गावची नव्हती.

"इथली, आई," मी म्हटलं. "तो इथलाच आहे आता."