पाटी अडवून उभी राहिले

डोंबिवलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून माझ्या मिस्टरांना विचारलं, "काका, ह्यांचं नाव काय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. शब्द आलाच नाही.

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोकमुळे अफेझिया झालाय." म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला आणि बोलणं गेलं. माणसाला बरंचसं समजतं, पण हवा तो शब्द सापडत नाही.

फाइलवर लिहिलं गेलं, पत्नीचं नाव सांगता येत नाही. आता डॉक्टरांना कसं सांगू, की लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच ह्यांनी माझं नाव घेतलं? पुढे चौतीस वर्षं नुसतं 'अगं'. लाजेने फाइलवरचं तसंच राहू दिलं. पण तो 'अगं' तरी परत येईल का, या विचाराने जिवाला चैन पडेना.

दहा दिवसांनी आम्ही माजिवड्याला लेकीकडे आलो. स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा व्यायाम, सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी थेरपिस्टबाईंनी मला धरलं. "काकू, सगळे शब्द तुम्हीच पुरवता. मनात दहा आकडे मोजा. थांबा."

थांबणं माझ्या रक्तात नाही. ह्यांनी हात उचलला की मी पाणी घेऊन हजर. एकदा त्यांना फक्त खिडकी उघडून हवी होती. बिचारे तीन पेले पाणी प्यायले.

होळीच्या आधी लेक म्हणाली, "आई, बाबांना झाडांच्या बागेत ने ना. जवळच आहे." हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बागेत झाडाझाडाला नावाची पाटी होती. बाईंनी बजावलं होतं, वाचून नको, आठवून सांगू देत. म्हणून मी प्रत्येक पाटीसमोर पदर पसरून उभी. जाणारे-येणारे बघत होते.

पहिली चार झाडं गप्पच गेली. मग काटेसावर आली. पान एक नाही, नुसती लाल फुलं आणि साळुंक्यांचा कलकलाट. मी मोजायला लागले. सातावर जीभ शिवशिवली. दहा झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं. ह्यांचा चेहरा लालबुंद. वाटलं, कशाला छळतेय मी ह्यांना? सांगून टाकावं नाव आणि घरी जावं.

तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने मला बाजूला ढकललं.

"अगं, सरक ना."

मी सरकले. डोळे भरून आले होते, पाटी मलाच दिसेना. झाडाचं नाव त्या दिवशी आलं नाही. अजूनही निम्मे शब्द येत नाहीत.

तुमच्या घरी असं झालं, तर थेरपिस्टचं ऐका आणि थांबा. मला जमलं, म्हणजे कोणालाही जमेल. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी फाइल उघडली. "काय काकू, घेतलं का काकांनी तुमचं नाव?"

मी म्हटलं, "घेतलं."