रुताची मंजी

कापडे गावच्या मंजुळाची फार थट्टा व्हायची. का, तर भातशेतीत कंबर मोडलेली ही बाई बिनदिक्कत सांगायची, "माझी एक बहीण हाय गो, गोरी. इलायतेत असते." आता कोण विश्वास ठेवील, तुम्हीच सांगा.

पण बहीण होती. मंजुळाच्या लहानपणी पोलादपुरात मिशनचा दवाखाना होता. पाद्रीसाहेब प्रार्थना चालवायचे, त्यांची बायको डॉक्टरीणबाई बाळंतपणं करायची. स्वतःची माणसं साता समुद्रांपलीकडं ठेवून दोघं इथल्या विंचूकाट्यात राहिली, आणि लेक झाली तीही इथंच. नाव रूथ. मंजुळाची आई बनुबाई दवाखान्यात कामाला. तिनं त्या रूथची रुता करून टाकली. डॉक्टरीणबाई सदा कुणातरी बाळंतिणीच्या उशाशी, त्यामुळं रुता वाढली बनुबाईच्या कडेवर, मंजुळाच्या, म्हणजे तिच्या मंजीच्या, जोडीनं. सुकट-भाकर खायची, शिव्यासुद्धा आमच्याच द्यायची. बापाशी इंग्रजी बोलताना मात्र अडखळायची.

दोघी नऊ वर्षांच्या झाल्या आणि साहेबांना माघारी बोलावणं आलं. एसटी हलली तशी रुता खिडकीतनं ओरडली, "मंजे, मी येते गो!" मंजीनं ते खरं धरलं. पोरच ती.

त्याला साठ वर्षं झाली हो. मंजुळाचं लग्न झालं, मुलगे मुंबईला लागले, नवरा वारला. रायगड बघायला कुणी गोरी बाई पाचाडला उतरल्याचं कानावर आलं की ही निघालीच. दोनदा तर परक्या बायांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली आणि मान खाली घालून परत आली. शेजारची तुळसा म्हणायची, "अगो, ती कवाच इसरली तुला." मंजुळा हसण्यावारी न्यायची, पण ते शब्द तिला लागायचे. रुता आली नाही, ते एक वेळ चालेल. ती आपल्याला विसरली असेल, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

गेल्या माघात महाडचे राजेंद्र गुरुजी फोन घेऊन दारात आले. पोलादपूरकडचं माणूस शोधत शोधत रुताच्या मुलीनं त्यांना गाठलं होतं, आणि मंजुळाच्या गोऱ्या बहिणीची गोष्ट गुरुजी ऐकून होते. रुताला विस्मरणाचा आजार जडला होता. इंग्रजी पार गेलं, राहिली ती लहानपणची मराठी, आणि तिथं ती कुणाला कळेना. दिवसभर एकच शब्द घोकते, म्हणे. मुलीनं गुरुजींना विचारलं होतं, "मंजी म्हणजे काय हो?"

मंजुळा रडली, हसली, तुळसेला हाक मारून गुरुजींकडून ते सगळं पुन्हा वदवून घेतलं.

मग गुरुजींनी फोन लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, वाळलेली बाई दिसली. डोळे तेच होते. "रुता, मी गो. मंजी."

रुता तिच्याकडं बघत राहिली, मग तोंड फिरवलं. "ही म्हातारी कोण हाय? मंजीला बोलवा."

गुरुजींना कुठं बघावं कळेना. मंजुळानं सुरकुतलेल्या गालावरून हात फिरवला. नऊ वर्षांची मंजी आता आणायची कुठनं?

"गुरुजी," ती म्हणाली, "माझं तोंड घालवा त्यातनं. आवाज तेवढा जाऊ द्या."

गुरुजींनी बटण दाबलं. मंजुळानं पदरानं डोळे पुसले आणि परसातनं मारायची तशी हाक मारली, "रुते! अगो रुते!"

रुता झटकन वळली. साऱ्या खोलीभर शोधू लागली.

"मंजे, किती येळ लावलास गो!"

"आईनं कामाला लावलं होतं," मंजुळा म्हणाली. "आता आले."